भिंतीतून चोरलेला उजेड

यांगगोउच्या शाळेत बाकं नव्हती. पोरं घरून आपापलं स्टूल घेऊन येत आणि शाळा सुटली की ते डोक्यावर पालथं घालून पळत सुटत. त्या दिवशीही सगळी पळाली, पण छू गाडीवानाची श्याओमान मात्र जागची हलली नाही. नऊ वर्षांची पोर. थंडीनं गाल तडकलेले, नखं मातीनं काळी. शिन बाई फळा पुसत होत्या. काय गं, घरी नाही जायचं, असं त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं.

पोरीनं एकदा दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाई, मी पण चोरला."

"काय चोरलंस?"

"उजेड."

बाईंना आधी हसूच आलं. मग आठवलं. आठ-दहा दिवसांपूर्वी बाहेर बर्फ पडत होतं, शेगडीतला कोळसा संपला होता आणि पोरं लाल पुस्तकातली अध्यक्षांची वचनं एका सुरात म्हणता म्हणता दात वाजवत होती. वचनं सगळ्यांना तोंडपाठ, अर्थ एकालाही ठाऊक नाही. असल्या पाठांतराला बाईंचे वडील 'बोरं बियांसकट गिळणं' म्हणत. पोट भरतं, चव कळत नाही. वडील तालुक्याच्या गावी शिक्षक होते. रोज सकाळी, राळ्याची पेज चुलीवर शिजत असताना, ते लेकीला चार चित्राक्षरांची एक म्हण शिकवत. शिकणं म्हणजे प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवणं, हात थांबला की नाव मागे गेलीच. लोखंडाची पहार घासत बसलं तर तिची सुई होते. तुळईला केस बांधून वाचणारे, काजव्यांच्या पिशवीच्या उजेडात वाचणारे, खिडकीबाहेरच्या बर्फाच्या उजेडात वाचणारे, सगळे त्या न्याहारीआधीच्या अर्ध्या तासात बाईंना भेटले होते. पुढे वडिलांवर 'उजवे', म्हणजे क्रांतीचे शत्रू, म्हणून शिक्का बसला, त्यांना खाणीवर धाडलं, आणि लेकीच्या नावापुढेही तो शिक्का आपोआप आला. म्हणूनच सत्ताविसाव्या वर्षी ती या डोंगरातल्या गावात पोरांना वचनं शिकवत होती, आणि वचनांखेरीज काही शिकवायचं नाही असा तिला सक्त हुकूम होता.

पण त्या बर्फाच्या दिवशी पोरांची दया आली आणि जीभ घसरली. जुन्या काळी एक गरीब मुलगा होता, त्याच्या घरी दिव्याला तेल नव्हतं, शेजाऱ्याकडे होतं, मग त्यानं भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून येणाऱ्या उजेडात पुस्तक धरलं. 'भिंत फोडून उजेड चोरणं.' चारच अक्षरं. पोरं दात वाजवायची विसरली होती. श्याओमाननं तर ती अक्षरं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून मागितली होती, आणि बाईंनी दिली होती.

"अगं, खरंच भोक पाडलंस?" बाईंनी विचारलं. आवाजात अजून कौतुकच होतं.

पोरीनं होकारार्थी मान हलवली. बाबा कोळसा आणायला गाडी घेऊन गेलेत, सहा दिवस झाले, बाटलीतलं रॉकेल संपलंय, म्हणून तिनं खोगीर शिवायची आरी घेतली आणि विटांच्या सांध्यातली माती रोज थोडी थोडी कोरली. काल संध्याकाळी आरपार गेली. एका वेळी एकच अक्षर दिसतं, पण कागद सरकवत गेलं की वाचता येतं.

"कुठल्या भिंतीतून गं?"

"थ्येन आजींच्या बाजूच्या."

बाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

गावातल्या जुन्या जमीनदाराचं लांबलचक घर सरकारनं वाटून दिलं होतं. मधोमध कच्च्या विटांची एकेरी भिंत घातली होती. तिच्या एका अंगाला छू गाडीवान आणि त्याची आईवेगळी पोर, दुसऱ्या अंगाला थ्येन हेशान आणि त्याची म्हातारी आई. थ्येन हेशान गावचा सुरक्षा-प्रमुख होता. कोण काय बोललं, कोणाकडे कोण आलं, कोणाच्या ट्रंकेत काय आहे, हे बघणं त्याचं काम. आणि त्याच्या घरात, त्याच भिंतीवर, अध्यक्षांची तसबीर होती. मागची भिंत ओलसर, तिथे कागद फुगायचा, म्हणून ती कोरड्या भिंतीवर चिकटवलेली. बाईंना हे नेमकं ठाऊक होतं, कारण गावात आल्या तेव्हा नाव नोंदवायला त्या तसबिरीसमोरच त्यांना अर्धा तास उभं केलं होतं.

 पलीकडच्या कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गावगटात, एका लोहारानं तसबीर छापलेल्या वर्तमानपत्रात मीठ बांधलं होतं. त्याला आठ वर्षांची कैद झाली. त्यानं तर नुसतं मीठ बांधलं होतं.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. तुम्हालाच."

"मी दिलेली चिठ्ठी कुठे आहे?"

पोरीनं ती जॅकेटाच्या आतून काढली, घडीवर घडी घालून नखाएवढी केलेली. बाईंनी ती हातात घेतली. स्वतःचंच अक्षर होतं, नीटस, वळणदार, गावात दुसऱ्या कोणाचं असूच शकणार नाही असं. शेगडीत निखारे नव्हते. बाईंनी काडी पेटवली, तीनदा विझली, चौथ्यांदा कागद पेटला. श्याओमान बघत राहिली. तिचा चेहरा पडला.

गृहभेट म्हणून बाई तिच्याबरोबर निघाल्या. वाटेत भेटेल त्याला, पोरीचे बाबा नाहीत, बघून येते, असं न विचारता सांगत गेल्या आणि आपण उगाच जास्त बोलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत होतं.

भोक विटांच्या ओट्याच्या वर, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला होतं. त्यावर पोरीनं केरसुणी टेकवून ठेवली होती. या बाजूला अंडं मावेल एवढं, आत निमुळतं होत गेलेलं. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी डोळा लावला. आत मातीचा बोगदा, त्याच्या टोकाला कागदाची पाठ, पिवळसर, आणि कागदाच्या मधोमध उजेडाचा एक ठिपका. मोहरीएवढा.

म्हणजे कागद फुटला होता.

कुठे फुटला होता? गालावर? डोळ्यात? या बाजूनं काही कळायला मार्ग नव्हता. पलीकडे कोणीतरी खोकलं, इतक्या जवळ की बाईंनी दचकून डोकं मागे घेतलं. थ्येन आजी असणार. भिंत एवढी पातळ, तर आपला श्वाससुद्धा पलीकडे ऐकू जात असेल. बाईंनी पोरीला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. ओला चिखल लावावा तर कागदावर डाग उमटेल. कोरडी माती टिकणार नाही. शेवटी त्यांनी आपल्या जॅकेटाची शिवण दातांनी उसवली, आतला कापूस काढला आणि बोटानं हळूहळू भोकात भरला, कागदाला धक्का लागणार नाही इतपतच. मग पोरीच्या कानाशी लागून सांगितलं की हे कोणाला सांगायचं नाही, बाबांनाही नाही, आणि भिंतीजवळ बसायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तसबीर बघणं भाग होतं. निमित्त आयतं मिळालं. थ्येन आजींचा धाकटा मुलगा सैन्यात होता, त्याचं पत्र आलं की ते वाचायला आजी बाईंना बोलवत. थोरल्याला, हेशानला, वाचता यायचं, पण अडखळत. दुपारी निरोप आला. एरवी बाई घाईघाईनं जात. त्या दिवशी शाळेपासून थ्येनांच्या दारापर्यंतची वाट त्यांना संपूच नये असं वाटलं.

हेशान घरीच होता, ओट्याच्या कडेवर बसून शेवया ओरपत होता. जाडजूड, मानेवर जुन्या भाजल्याचा डाग. त्यानं मानेनंच बसायला सांगितलं. आजींनी पत्र पुढे केलं. बाई वाचू लागल्या. मी इथे खुशाल आहे, बटाटे भरपूर मिळतात, आईच्या गुडघ्यांना कसं आहे. वाचता वाचता पान उलटायच्या निमित्तानं त्यांनी एकदाच नजर वर केली.

चेहरा शाबूत होता. भोक होतं कॉलरच्या खाली, डाव्या बाजूला, करड्या अंगरख्यावर. छातीच्या जागी. खालच्या टेबलावर मातीची चिमूटभर भुकटी पडली होती, आणि बाईंना ती भुकटी मातीच्या ढिगाऱ्याएवढी दिसली. पत्राची ओळ सुटली. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली.

"बटाटे दोनदा आले," हेशान म्हणाला.

"अक्षर लागत नाही," बाई म्हणाल्या.  

त्यानं वाटी खाली ठेवली, व्हिनेगरची बाटली बाजूला सरकवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, की शाळेत हल्ली चोरीच्या गोष्टी चालतात म्हणे. लिआंगचा पोरगा घरी सांगत होता, बाई म्हणाल्या की अभ्यासासाठी चोरी केली तरी चालते. हे काय प्रकरण आहे? बाईंनी सांगायचा प्रयत्न केला, पण वाक्य सुरू झालं ते कुठे गेलं हे त्यांना नंतर आठवेना. हेशाननं शेवटपर्यंत ऐकूनही घेतलं नाही. परवा दुपारी कचेरीत या, म्हणाला, आणि काय शिकवलं ते कागदावर लिहून आणा. सगळं.

बाई उठल्या तेव्हा आजी फडक्यानं टेबल पुसत होत्या. भुकटी गोळा करून त्यांनी ती चुलीत टाकली आणि बाईंकडे न बघता म्हणाल्या, "पोरी, जेवत जा. वाळून चाललीस."

पुढचे दोन दिवस बाईंनी लिहिलं नि फाडलं, लिहिलं नि जाळलं. शेवटी गोष्टीला नवा मुलामा दिला. जुन्या समाजात गरिबाच्या घरी तेल नसे आणि श्रीमंताच्या घरी दिवे जळत, गरिबाच्या पोराला उजेडसुद्धा चोरावा लागे, नव्या समाजात असं राहिलं नाही. वाचताना त्यांना ते बरं वाटलं. मग लक्षात आलं की नव्या समाजात एका पोरीच्या घरी तेल नाही आणि शेजारी सुरक्षा-प्रमुखाच्या घरी दिवा जळतो, असाच याचा अर्थ कोणी काढला तर? पण आता दुसरं सुचत नव्हतं. ऐन लढाईच्या तोंडावर भाल्याला धार लावणं म्हणतात, तसली ती गत.

कचेरीत हेशाननं कागद टेबलावर पसरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. बोट जाड, अक्षरं बारीक. बाई उभ्या होत्या. बोट कुठे थांबतंय, कुठे मागे येतंय, यावर त्यांचा सगळा जीव लागला होता. 'भिंत' या अक्षरावर ते थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यानं उरलेलं वाचलंच नाही. कागदाची घडी घातली, ती आतल्या खिशात ठेवली, वरचं बटण लावलं आणि म्हणाला, "जा तुम्ही."

ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बाईंना एवढी भीती वाटली नसती. शाळेच्या मागच्या खोलीत येऊन त्या बसल्या आणि दार वाजायची वाट बघू लागल्या. अंगणात कोंबडीनं माती उकरली तरी त्या उठून दाराच्या फटीला डोळा लावत. छू गाडीवान त्या दिवशी परतल्याचं कळलं. त्यालाही सांगावं का? सांगितलं तर तो घाबरून स्वतःच कबूल करून बसेल. नाही सांगितलं तर पोर सांगेल. वर्गात श्याओमान हात वर करायची, बाई तिच्याकडे बघतच नसत.

पाचव्या दिवशी भर दुपारी दार वाजलं. सगळं गाव तलावाच्या बांधावर माती टाकायला गेलं होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. दारात हेशान. एकटाच. बंदूक नाही, माणसं नाहीत.

"चला," म्हणाला.

कुठे, असं विचारायचं धाडस बाईंना झालं नाही. त्यांनी फक्त मफलर घेतला. खाणीवर थंडी असते, हे वडिलांच्या पत्रातून माहीत होतं. पण हेशान कचेरीकडे न वळता आपल्या घराकडे वळला. आत गेल्यावर त्यानं दाराला आतून अडसर लावला, खिडकीच्या कागदाची फट बघितली आणि तसबिरीसमोर जाऊन उभा राहिला. आजी ओट्यावर सूत कातत बसल्या होत्या.

"दिसलं ना तुम्हाला? त्या दिवशी?"

"काय?"

"बाई, मी अडाणी असेन, आंधळा नाही."

 बाईंनी भिंतीचा आधार घ्यायला हात पुढे केला आणि ती कोणती भिंत आहे हे कळताच मागे घेतला. मग जे पाच दिवस मनात घोळत होतं ते त्यांनी एका दमात म्हणून टाकलं. गोष्ट मी सांगितली, चूक माझी आहे, माझं नाव लिहा, बाकी कोणाचा संबंध नाही.

"मी नाव विचारलं का?" हेशानचा आवाज एकदम खाली आला. "नाव कळलं तर मला ते लिहावं लागेल. लिहिलं तर वरचे विचारतील, हे किती दिवस असं होतं. कोणाच्या घरात होतं. त्या घरातला माणूस काय झोपा काढत होता का." तो थांबला. "उंदीर आहेत. जुन्या भिंती, उंदीर असणारच."

तेव्हा कुठे बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. कपाळावर घाम होता. त्या थंडीत.

मग त्यानं सांगितलं. परवा कम्यूनचं पथक येणार, प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या घरात शिरून बघणार. नवी तसबीर आणावी तर दुकानात आधीच्या तसबिरीचं काय झालं ते विचारतात, आणि ही तर ऑक्टोबरातच वाटलेली. वरून काही चिकटवणं शक्यच नाही. तुम्ही शिकलेल्या माणसाच्या लेक आहात, कागद कसा जोडतात ते तुम्हाला ठाऊक असेल. ठाऊक आहे ना?

ठाऊक होतं. फाटलेली पुस्तकं वडील मागून जोडत, तेव्हा खळ धरायचं काम लेकीचं असे. बाईंनी चहाची किटली मागितली, गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवली, वाफेवर धरलेलं फडकं कडांवरून फिरवत फिरवत कागद सोडवला. तासभर गेला. प्रत्येक वेळी कागद 'चर्र' करायचा आणि तिघंही श्वास रोखायची. शेवटी तसबीर मोकळी झाली आणि नवीच अडचण उभी राहिली. मागून ठिगळ लावायचं तर ती पालथी घालायला हवी, आणि अध्यक्षांना तोंडावर पालथं घालणार कोण?   हेशाननं तसबिरीचे वरचे दोन कोपरे चिमटीत धरले, ती छातीसमोर उभी धरली आणि तसाच उभा राहिला. बाई कागदाच्या पाठीशी काम करू लागल्या. त्याचा चेहरा त्यांना दिसत नव्हता. दिसत होती फक्त कोपऱ्यांवरची दोन्ही हातांची बोटं, आणि ती थरथरत होती. त्या थरथरीनं सगळा कागद हलत होता आणि खळ लावलेला नखाएवढा तुकडा जागेवर बसेना.

"जरा स्थिर," बाई पुटपुटल्या.

"तुमचाच हात हलतोय," तो म्हणाला.

खरंच, दोघांचेही हलत होते.

आणि नेमका तेव्हाच भिंतीतून आवाज आला. कापूस ओढून काढल्याची सळसळ, मग भोकाला तोंड लावून बोलावं तसा बारीक स्वर. "आजी? आहात का? बाबा पेंड्या टाकायला गेलेत. आज दिवा कधी लावणार?"

 हेशाननं तसबिरीवरून आईकडे पाहिलं. आजींनी सूत बाजूला ठेवलं, गुडघे धरत उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि उघड्या पडलेल्या भोकात म्हणाल्या, "आज नाही गं बाळा. आज आजी कामात आहे. बोळा घाल पाहू परत."

बोळा परत गेला. 

"आई, तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." आजी पुन्हा ओट्यावर बसल्या. "आरीचं टोक बाहेर आलं तेव्हा मी इथेच होते. वाटलं, विंचू आहे. मग पलीकडून पोरीचा आवाज आला, अक्षर लावत होती. तिला नीट दिसेना, म्हणून मी दिवा जरा सरकवला."

"दिवा सरकवला?"

"मग काय करू? तुझ्याकडे येऊन सांगू?"

हेशाननं तसबीर पुन्हा ताठ धरली. बाईंनी ठिगळ बसवलं, हाताच्या उबेनं दाबून धरलं. मग समोरच्या बाजूनं काडीच्या टोकानं, काजळी आणि चहाचं पाणी मिसळून, ठिपक्यावर करडा रंग भरला. तीन वेळा वाळू दिला, तीन वेळा भरला. अंगरख्याच्या त्या जागी हात टेकवताना त्यांना वाटलं की आपण एखाद्या झोपलेल्या वाघाच्या अंगाला हात लावतोय. भोक हेशाननं विटेच्या कोरड्या तुकड्यांनी बंद केलं. तसबीर परत लागली. चार पावलांवरून काही दिसत नव्हतं. दोन पावलांवरून, माहीत असलं तर, दिसत होतं.

निघताना त्यानं दार उघडण्याआधी सांगितलं, की तुम्ही आज इथे पत्र वाचायला आला होतात. बाई म्हणाल्या, हो, पत्र वाचायला.

पथक आलं तेव्हा बाई वर्गात होत्या. खिडकीतून त्यांना चार निळ्या टोप्या थ्येनांच्या दारात शिरताना दिसल्या. पोरांना त्यांनी वचनं म्हणायला लावलं आणि स्वतः ओठ हलवत राहिल्या. पोरांनी वचन संपवलं, बाईंनी पुढचं सांगितलंच नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा सुरू केलं. किती वेळा झालं कोण जाणे. मग टोप्या बाहेर आल्या. एकानं भिंतीशी लघवी केली, दुसऱ्यानं सिगारेट पेटवली, हेशान हसून काहीतरी बोलला आणि सगळी पुढच्या घराकडे गेली.

सुटलो, असं बाईंना वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता हेशानला त्यांचं गुपित ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं. रस्त्यात तो दिसला की बाई खाली बघत, तोही खाली बघे. पूर्वी एकाला भीती होती, आता दोघांना. आठवड्याभरात हुकूम आला. नव्या वर्षानंतर शिन रुइलान यांनी चाळीस मैलांवरच्या धरणाच्या कामावर, मजुरांच्या भटारखान्यात रुजू व्हावं. खाली शिफारस थ्येन हेशानची. शिक्षा नव्हती, चौकशी नव्हती. त्याला फक्त त्या डोळ्यांसमोर नको होत्या. बाईंना ते इतकं समजलं की रागही आला नाही.

जायच्या सकाळी छू गाडीवानच त्यांना सोडायला आला. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. पोरीला अक्षरं शिकवलीत, उपकार झाले, असं म्हणत त्यानं वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ त्यांच्या गाठोड्यात घातली. श्याओमान गाडीपाशी उभी होती. बाप गाढवाला जुंपत होता, तेवढ्यात ती बाईंच्या जवळ आली आणि तिनं विचारलं, "बाई, माझं चुकलं का?"

बाईंना काय म्हणायचं होतं ते त्यांना माहीत होतं. आजन्म माहीत होतं. पण गल्लीच्या टोकाला दोन माणसं उभी होती, आणि पोरीचं तोंड सैल होतं, आणि 'नाही' म्हटलं तर ती उद्या आणखी कुठली तरी भिंत कोरेल.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं. असलं पुन्हा करायचं नाही. आणि ती गोष्ट तोंडातून काढायची नाही."

पोरीनं मान डोलवली. तिचे डोळे कोरडेच होते. ती मागे सरकली आणि गाडी हलली तेव्हा घरात निघून गेली होती.

भटारखान्यात बाईंनी दोन वर्षं मक्याच्या उकडलेल्या भाकऱ्या थापल्या. तिथे कोणी त्यांना काही विचारत नव्हतं, त्याही काही सांगत नव्हत्या. छू गाडीवान कधीमधी कोळसा घेऊन यायचा. पोरगी कशी आहे, शाळेत जाते का, असं विचारलं की म्हणायचा, जाते, पण आता पूर्वीसारखं वाचत नाही, घरकामाला लागली. मग तो दुसरं काही बोलू लागायचा आणि बाई पिठात हात घालून उभ्या राहायच्या.

तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी त्यानंच बातमी आणली. थ्येन हेशानला धरून नेलं होतं. कसल्या गटाशी संबंध म्हणे. रोज चौकशी चालू आहे, जुन्या-नव्या सगळ्या गोष्टी लिहून घेताहेत, आणि जो नावं देईल त्याला सोडतात म्हणे.

हेशान आता आपलं नाव देणार, हे बाईंनी धरूनच टाकलं. एका चौकोनी फडक्यात त्यांनी जाड पायजमा, दोन मोजे, साबणाचा तुकडा आणि वडिलांची तीन पत्रं बांधली आणि न्यायला आले तर हाताशी असावं म्हणून ते गाठोडं उशाशी ठेवलं. रोज सकाळी गाडीचा आवाज आला की त्या हात धुऊन, एप्रन सोडून दारात उभ्या राहायच्या. गाडीतून कोबी उतरायचा, पिठाची पोती उतरायची, एकदा आजारी मजूर उतरला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. जर्दाळू फुलून गळले. कोणी आलं नाही.

मे महिन्यात गहू कापायला सगळ्यांना शेतात पाठवलं. धारदार धाटांत जायचं तर पाय झाकायला काहीतरी जाड हवं. बाई बराच वेळ गाठोड्यासमोर बसून राहिल्या. मग त्यांनी गाठ सोडली, पायजमा बाहेर काढला, पायांत चढवला आणि बाकीच्या बायकांच्या मागोमाग शेताकडे निघाल्या.